रिटायर व्हायचंय? पेन्शनच्या कागदांसोबत ही तयारी पण करा: ऑक्युपेशनल थेरपीच्या पद्धतीने, पायरी पायरीने

रिटायरमेंटची तयारी म्हटलं की आपल्याकडे बोलणं सुरू होतं ते पीएफ, ग्रॅच्युइटी, कम्युटेशन, एफडी कुठे टाकायची, घराचं उरलेलं कर्ज कधी फेडायचं इथून, आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं. पैशाचं नियोजन हवंच, त्यात वाद नाही. पण वर्षानुवर्षं सकाळी साडेसहाला डबा घेऊन निघणारा माणूस एक तारखेपासून साडेसहाला उठून काय करणार, हे घरात कोणी विचारत नाही. मग पाच-सहा महिन्यांनी घरचे म्हणायला लागतात की बाबा फार चिडचिड करतात, दुपारभर झोपतात आणि रात्री जागे, दिवसातून तीनदा बीपी मोजतात. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, आणि अशी माणसं आमच्याकडे येतात तेव्हा तक्रार असते गुडघ्याची किंवा झोपेची, खरं दुखणं मात्र दिवस रिकामा झाल्याचं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की 'आता कुठला छंद लावून घेऊ' हा प्रश्न नंतरचा. आधी नोकरी तुम्हाला पगाराशिवाय काय काय देत होती ते शोधायचं, आणि त्यातल्या एकेका गोष्टीची सोय दुसरीकडे लावायची. हे काम निवृत्तीच्या दिवशी नाही, त्याच्या एक-दोन वर्षं आधी सुरू करायचं. खाली मी ते कसं करतो ते क्रमाने सांगतोय. बराचसा भाग तुम्ही घरीच करू शकता.

आधी थोडक्यात, ऑक्युपेशनल थेरपिस्ट करतात काय

फिजिओथेरपिस्ट सांधा, स्नायू, चालणं याकडे बघतो असं ढोबळ धरलं, तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट बघतो की माणूस त्याचं रोजचं काम, म्हणजे अंघोळ, स्वयंपाक, नोकरी, पूजा, बागकाम, नातवाला शाळेत सोडणं, कसं करतोय आणि कुठे अडतोय. मग कधी माणसाची ताकद वाढवायची, कधी कामाची पद्धत बदलायची, कधी घर बदलायचं. भारतात याचं शिक्षण सुरू झालं तेच मुंबईत, १९५० साली केईएम रुग्णालयात, कमला निंबकर यांच्या पुढाकाराने. आजही केईएम, सायन, नायर, हाजी अलीची पुनर्वसन संस्था, नागपूरचं मेडिकल इथे हे विभाग आहेत, बोर्डावर 'व्यवसायोपचार' लिहिलेलं असतं. खाजगीत जाणार असाल तर महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी आहे का ते सरळ विचारा, विचारायला लाजू नका.

एक गोष्ट माहीत असू द्या. या ओपीडीत गर्दी असते ती पॅरालिसिसचे पेशंट, हाताची ऑपरेशनं झालेले आणि लहान मुलं यांची. 'रिटायरमेंटची तयारी' असा वेगळा काउंटर कुठे दिसणार नाही. तुम्हालाच सांगावं लागेल की मी अमुक महिन्यात निवृत्त होतोय आणि मला माझ्या दिवसाची आखणी करून हवीये. थेरपिस्टला हे काम परकं नाही, त्याच्या शिक्षणाचा तो गाभा आहे.

पायरी १: एक आठवडा लिहून काढा, जसा आहे तसा

नोकरीत असतानाच. एक वही घ्या, तासातासाने लिहा की काय केलं, कुठे, कोणाबरोबर, आणि करताना कसं वाटलं. रविवार धरून सात दिवस. फालतू वाटलं तरी लिहा, लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं टेकून पेपर वाचला हे पण लिहा, चहाच्या टपरीवरची दहा मिनिटं पण लिहा. याच बारीकसारीक गोष्टी नंतर एकदम बंद होतात आणि काय हरवलं ते माणसाला कळत पण नाही. बदलापूर किंवा विरारवरून रोज ठरलेल्या गाडीला ठरलेल्या डब्यात जाणाऱ्यांचा ग्रुप बघा, भजन म्हणतात, वाढदिवस करतात, एकमेकांच्या घरच्या लग्नाला जातात, आणि पास संपला की ते सगळं संपतं. ऑफिसच्या निरोप समारंभात शाल मिळते, भाषणं होतात, पण डब्यातल्या त्या माणसांचं पुढे काय करायचं हे कोणी ठरवलेलं नसतं.

पायरी २: नोकरी सुटी करून बघा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथे वेळ द्या. आम्ही याला ॲक्टिव्हिटी ॲनालिसिस म्हणतो. उदाहरण म्हणून एसटीचा कंडक्टर घेऊ. वरवर बघितलं तर काम काय, तिकीट फाडणं. पण नीट बघा. शरीराला काय मिळत होतं? दिवसभर हलत्या गाडीत उभं राहणं, वाकणं, शंभरदा पायऱ्या चढउतार, म्हणजे पाय आणि तोल दोन्हीचा व्यायाम, तोही फुकट. डोक्याला काय? सुट्ट्या पैशाचा हिशोब, कोण कुठे उतरणार याची आठवण, वेबिल म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद जुळवणं. माणसं? शेकडो अनोळखी, शिवाय रोजचे पासवाले, ड्रायव्हर, डेपोतले. अधिकार? बेल त्याच्या हातात, त्याने मारल्याशिवाय गाडी हलत नाही. ओळख? गावात त्याला 'मास्तर' म्हणून हाक मारतात. वेळ? पहाटेची पाळी, मुक्कामाची गाडी, ठरलेली सुट्टी. आणि शेवटी, कोणीतरी आपल्यावर अवलंबून आहे ही जाणीव.

आता या माणसाला तुम्ही सांगितलंत की 'बाबा, सकाळी गार्डनला चालायला जात जा', तर त्यातून फक्त पायाची सोय झाली. हिशोब, माणसं, अधिकार, ओळख यांचं काय? म्हणून असा माणूस दोन आठवडे चालायला जातो आणि सोडून देतो, आणि घरचे म्हणतात याला काही करायचंच नाही. तसं नसतं हो.

तुमच्या नोकरीचं हेच करा. कागदावर सात मथळे घाला: वेळ, शरीर, डोकं, माणसं, अधिकार, ओळख, आणि मी कोणाच्या उपयोगी पडतो. प्रत्येकाखाली तुमच्या कामातून खरंच जे मिळतं ते लिहा. मग दुसऱ्या रंगाने, जे तुम्हाला नकोच होतं, ज्यातून सुटायचंय, ते पण लिहा. साहेबाची बोलणी, नाइट शिफ्ट, धूळ. निवृत्तीत सुटका पण असते, आणि ती खरी असते, तिला मान द्यायचा. शिक्षिका बाईंच्या कागदावर 'मुलं' हे दोन्ही रंगात येऊ शकतं आणि त्यात काही चूक नाही.

पायरी ३: काय महत्त्वाचं ते आकड्यात मांडा

या यादीतून पाच गोष्टी निवडा ज्या निवृत्तीनंतर तुम्हाला करायच्याच आहेत. नव्या चालतील, जुन्या चालतील, 'स्वतःची कामं स्वतः करणं' ही पण चालेल. प्रत्येकीला तीन आकडे द्या, १ ते १० मध्ये: ती किती महत्त्वाची, आज मी ती किती जमवतो, आणि जे जमतं त्यावर किती समाधानी आहे. आमच्या व्यवसायात कॅनडात तयार झालेलं एक साधन जगभर वापरतात, ही त्याचीच साधी आवृत्ती समजा. महत्त्व ९ आणि जमवणं २ आलं की लक्ष तिथे द्यायचं. नवरा-बायकोने वेगवेगळ्या कागदावर करा, मग अदलाबदल करून वाचा. त्या संध्याकाळी बरंच बोलणं होतं.

पायरी ४: नोकरीतून मिळायचं त्याच्या जागी काय ठेवायचं

इथे दोन अभ्यास सांगतो, कारण त्यांनी माझी काम करायची पद्धत ठरवलीये.

पहिला लॉस एंजेलिसचा, १९९७ साली प्रसिद्ध झालेला. साठीच्या पुढची, आपलं आपण राहणारी ३६१ माणसं, तीन गट. एका गटाला नऊ महिने ऑक्युपेशनल थेरपी, दुसऱ्याला नुसते सामाजिक कार्यक्रम, तिसऱ्याला काहीच नाही. थेरपीच्या गटाची तब्येत, रोजची कामं, समाधान यात फायदा दिसला. आणि नुसत्या कार्यक्रमांच्या गटाला? काहीच न मिळालेल्या गटापेक्षा जास्त फायदा नाही. म्हणजे माणसाला चार लोकांत नेऊन बसवलं की झालं, असं नाही. त्याच्या त्याच्या आयुष्यात कुठलं काम का आणि कसं बसवायचं, यावर मेहनत घ्यावी लागते.

दुसरा स्वीडनचा, हान्स योन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी ६३ वर्षांच्या नोकरदारांशी निवृत्तीच्या आधी बोलून घेतलं आणि नंतर काही वर्षांनी परत त्याच माणसांना गाठलं. त्यात दिसलं की निवृत्तीनंतर दिवसाची लय मंदावते, आणि आधी सुट्टीत ज्या गोष्टी गोड लागायच्या त्या रोज मिळायला लागल्या की तेवढ्या गोड लागत नाहीत. जे समाधानी होते त्यांच्याकडे बहुतेक एखादं मनापासून गुंतायचं काम होतं, ज्यात नियमितपणा होता, बरोबरीची माणसं होती, आणि थोडी जबाबदारी होती, जवळजवळ नोकरीसारखी.

तर तुम्ही निवडलेलं काम या चार प्रश्नांवर घासून बघा. ठरलेल्या दिवशी होतं का? मी गेलो नाही तर कोणाला फरक पडतो का? ते करणारी दुसरी माणसं आहेत का? त्यात शिकायला अजून काही शिल्लक आहे का? सोसायटीचा खजिनदार होणं, गावच्या वाचनालयात आठवड्यातले तीन दिवस नोंदी करणं, आयटीआयच्या पोरांना वेल्डिंगचा हात दाखवणं, ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलीचं सगळं नियोजन अंगावर घेणं, ही यात बसतात. टीव्ही बसत नाही. व्हॉट्सॲपवर सुप्रभात पाठवणं पण बसत नाही, कितीही वेळ जात असला तरी. वारीला जाणं बसतं का? नुसतं जाणं कदाचित नाही, पण दिंडीच्या स्वयंपाकाची किंवा सामानाच्या ट्रकची जबाबदारी घेतलीत तर शंभर टक्के, कारण त्याची तयारी पार आधीपासून चालते.

आता 'गावी जाऊन शेती करणार' वाल्यांसाठी, कारण हे स्वप्न कोकणातल्या आणि देशावरच्या निम्म्या चाकरमान्यांच्या डोळ्यात असतं. करा, जरूर करा. पण त्याची ट्रायल गणपतीत किंवा मे महिन्यात घेऊ नका, तेव्हा घर भरलेलं असतं. जुलैमध्ये घ्या. लाइट गेलेली, अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरलेलं, शेजारची दोन घरं बंद, आणि दवाखाना तालुक्याला. अशात पंधरा दिवस नवरा-बायको दोघंच राहून बघा. जमलं तर तुमचा बेत पक्का. नाही जमलं तर निम्मं वर्ष इथे निम्मं तिथे असा मधला मार्ग आधीच काढता येतो, फ्लॅट विकायच्या आधी.

पायरी ५: रजा घेऊन रंगीत तालीम करा

सरकारी नोकरीत ३०० दिवसांपर्यंत रजेचे पैसे मिळतात म्हणून लोक रजा साठवतात, मला कळतं. तरी त्यातले दोन आठवडे शेवटच्या वर्षात खर्च कराच. कुठे फिरायला जायचं नाही. घरीच राहायचं, आणि निवृत्तीनंतर जसा दिवस घालवणार आहात तसाच घालवायचा. पहिले तीन दिवस मस्त जातात, खरी परीक्षा दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवार-बुधवारी असते. तेव्हा वहीत लिहा की अकरा ते एक आणि चार ते सहा या वेळात काय झालं, कारण बहुतेकांचा दिवस तिथेच खचतो.

त्यातून आठवडा आखा. सगळा भरायचा नाही, भरगच्च वेळापत्रक दोन महिन्यांत कोसळतं. दिवसाला दोन खुंट्या ठोका, म्हणजे ठरलेल्या वेळेची दोन कामं, एक सकाळची एक संध्याकाळची, आणि त्यातली किमान एक घराबाहेरची. बाकीचा दिवस त्यावर आपोआप लटकतो. उठायची आणि जेवायची वेळ शक्यतो नोकरीतलीच ठेवा, विशेषतः डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर, कारण तुमच्या औषधांच्या वेळा नकळत डब्याच्या सुट्टीला बांधलेल्या असतात. जेवणाच्या वेळा बदलणार असतील तर आधी डॉक्टरांशी बोला.

पायरी ६: घर आणि घरातली माणसं

याबद्दल मी जरा स्पष्ट बोलतो. नवरा रिटायर होतो तेव्हा घरी असलेल्या बायकोचं कामाचं ठिकाण अचानक दुसऱ्या कोणीतरी व्यापतं. तिची दुपारची एक तासाची झोप, तिची सिरियल, तिची भिशी, शेजारणीशी गप्पा, हा तिचा दिवस आहे आणि तो तिने इतक्या वर्षांत बसवलाय. दर दोन तासांनी चहा मागणं आणि डबे कसे लावावेत यावर सूचना देणं याने घरात भांडणं होतात, आणि ती टाळता येण्यासारखी असतात. उपाय असा की 'मदत' करायची नाही, पूर्ण काम घ्यायचं. भाजी म्हणजे काय संपलंय ते बघण्यापासून निवडून फ्रीजमध्ये ठेवेपर्यंत. सकाळचा नाश्ता म्हणजे कांदा चिरण्यापासून ओटा पुसेपर्यंत. ज्यांना येत नाही त्यांना आम्ही शिकवतो, टप्प्याटप्प्याने, आधी पोहे मग कुकर, कारण स्वयंपाक हे थेरपीतलं जुनं साधन आहे. ज्या माणसाला बायको आजारी पडल्यावर स्वतःपुरता वरणभात लावता येत नाही तो स्वतंत्र नाही, ताकद कितीही असो.

बाई रिटायर होते तेव्हा उलटं होतं. नर्स, शिक्षिका, बँकेतल्या मॅडम, यांना दुसऱ्या दिवसापासून सगळे धरूनच चालतात की आता आई घरीच आहे. नातवंडं, सासूबाईंचं आजारपण, येणारे-जाणारे, कामवाल्या बाईंची सुट्टी. नोकरीने तिला जो स्वतःचा वेळ, स्वतःची ओळख, ऑफिसातल्या मैत्रिणी दिलेल्या असतात ते जातं आणि काम मात्र वाढतं. म्हणून ताई, तुमच्या दोन खुंट्यांमधली एक अशी हवी जी फक्त तुमची आहे, आणि ती निवृत्तीच्या आधीच घरात जाहीर करा. नातवाला सांभाळायचं असेल तर आनंदाने सांभाळा, पण किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आणि सुट्टी कुठल्या वारी हे मुलाशी-सुनेशी बसून ठरवा. दोन वर्षांच्या पोराला दिवसभर उचलणं हे कंबरेसाठी मोठं काम आहे, त्यासाठी उचलायची पद्धत थेरपिस्टकडून शिकून घ्या.

पायरी ७: शरीराची मोजणी

हे पटकन सांगतो. हात छातीवर घेऊन खुर्चीतून ३० सेकंदांत कितीदा उठता येतं ते मोजा, भिंतीजवळ, कोणीतरी शेजारी असताना. जमिनीवर बसून आधाराशिवाय उठता येतं का ते बघा. तारीख घालून लिहून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी तुलना करा, आकडा घसरायला लागला की दाखवायला जा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि ६५ च्या पुढे तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम पण.

घरातले बदल ग्रॅच्युइटी हातात असताना करून घ्या: बाथरूममध्ये भिंतीत पक्का बसवलेला दांडा (टॉवेलचा रॉड आधाराला चालत नाही, उपटतो), न घसरणाऱ्या फरश्या, अंघोळीला पक्कं स्टूल, संडासच्या वाटेवर रात्रीचा दिवा, एक तरी कमोड.

ज्यांना थांबणं परवडत नाही

खाजगी कारखान्यातल्या, दुकानातल्या लाखो लोकांना ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, पेन्शन मिळते, तिची किमान रक्कम २०१४ मध्ये महिन्याला १००० रुपये ठरवली. त्यात कोण कसं भागवणार? भाजीवाल्या मावशी, रिक्षावाले, शिंपी यांना तर तारीखच नसते. अशा वेळी ऑक्युपेशनल थेरपीचं काम असतं ते काम हलकं करण्याचं. जमिनीवर बसून भाजी विकणाऱ्या बाईला उंच पाट आणि टोपल्या ठेवायला स्टँड, शिंप्याच्या मशिनला मोटर आणि खुर्चीची उंची बदलणं, वॉचमनची रात्रपाळी कमी करण्यासाठी मालकाला द्यायचं पत्र. तास कमी करत जाणं, जड काम सोडून हिशोबाचं किंवा शिकवण्याचं काम घेणं, हे सगळं आखून करता येतं.

आणि ज्यांची नोकरी अचानक गेली त्यांचं दुःख वेगळं असतं. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून साधारण ७८ हजार माणसं एकाच दिवशी व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन बाहेर पडली, पन्नाशी ओलांडलेली, आणि दोन महिन्यांच्या आत लॉकडाउन लागलं. असं झालेल्यांनी पायरी १ वगळा, थेट पायरी २ आठवणीतून करा.

पहिलं वर्ष कसं जातं

सुरुवातीला बहुतेकांना सुट्टीसारखं वाटतं, मग एक उतार येतो, मग हळूहळू घडी बसते. सगळ्यांना याच क्रमाने येईल असं नाही. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात पायरी ३ चे आकडे परत भरा, आणि कमी आले तर आठवडा बदला, स्वतःला दोष देऊ नका.

पण दोन आठवड्यांहून जास्त मन उदास, झोप आणि भूक उडालेली, दारू वाढलेली, 'माझा आता काय उपयोग' असं सारखं बोलणं, हे दिसलं तर वेळापत्रकाची वाट बघत बसू नका, मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. जगणं नकोसं झाल्याचं बोलणं असेल तर त्याच दिवशी, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७. घरच्यांनी पण फोन केला तरी चालतो.

थेरपिस्टकडे पहिल्यांदा जाताना आठवड्याची वही, सात मथळ्यांचा कागद, चालू औषधांची चिठ्ठी, चष्मा, आणि घराचे मोबाइलवर काढलेले फोटो, त्यात बाथरूम, ओटा आणि जिना नक्की, एवढं न्या. बरोबर घरातलं एक माणूस न्या. आणि बसल्या बसल्या हे विचारा की माझ्या पाच गोष्टींपैकी कुठली आधी घ्यायची आणि पुढच्या वेळी तुम्ही काय मोजणार आहात. नुसती व्यायामाची चिठ्ठी हातात दिली आणि तुमच्या दिवसाबद्दल एक प्रश्न विचारला नाही, तर दुसरा थेरपिस्ट बघा.